विधेयकातलं विधेय

साखर कारखान्यांचा हंगाम लागला की दौंड-शिरूर पट्ट्यात एक प्रश्न पारावर, चहाच्या टपरीवर, दूध घालायला लागलेल्या रांगेत सारखा ऐकू येतो : "बिल आलं का रं?" ऊस तुटून गेलेला असतो, वजनाच्या पावत्या देव्हाऱ्यातल्या डब्यात जपून ठेवलेल्या असतात, सोसायटीचा हप्ता डोक्यावर असतो. या बोलण्यात बिल म्हणजे येणारा पैसा. त्याच घरात लाईटबिल येतं, तो जाणारा पैसा. आणि अधिवेशनाच्या दिवसांत आमचे तात्या पेपर चाळता चाळता म्हणतात, "आज एक बिल मांडलं म्हणं इधानसभेत." हे तिसरं बिल. त्यात पैसा येतो की जातो, ते लगेच कळत नाही. एकाच तोंडी तीन बिलं सुखाने नांदतात आणि कुणाचा कधी घोळ होत नाही. ठेकेदाराचंही बिल पास होतं आणि सरकारचंही बिल पास होतं.

गंमत अशी की ही तिन्ही बिलं मुळात एकच. लॅटिनमध्ये 'बुल्ला' म्हणजे बुडबुडा, मग बुडबुड्यासारखी गोल वस्तू, मग कागदाला लटकवलेली शिशाची गोल मुद्रा, आणि शेवटी ती मुद्रा लावलेला कागदच. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर बिलाच्या पोटात शिक्कामोर्तब आहे. शिवकाळात पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि अखेरीस मोर्तब उठे. मजकूर संपला, आता यात कुणी ओळ वाढवू नये, हा मोर्तबाचा अर्थ. विधिमंडळातल्या बिलाच्या नावात मुद्रा आहे खरी, पण ते सभागृहात येतं तेव्हा त्यावर कसलीच मुद्रा नसते. ती सर्वांत शेवटी, राज्यपालांच्या अनुमतीच्या रूपाने उमटते. तोवर मजकूर उघडा असतो, त्यात ओळ वाढू शकते आणि गळूही शकते.

मराठीने या बिलासाठी 'विधेयक' हा शब्द घेतला, आणि या लेखाचा सगळा खटाटोप त्या शब्दासाठी आहे.

'धा' म्हणजे ठेवणं. 'वि' जोडला की विधा : नीट मांडून ठेवणं, ठरवून देणं. त्यातून विधी आला, जो लग्नाच्या मांडवातही असतो आणि 'विधी व न्याय' विभागाच्या पाटीवरही. विधान आलं. मराठीत कुणीही काहीही बोलला तरी ते विधान होतं, पण विधानसभेतलं विधान म्हणजे ठरवून देणं. 'विहित' आला, जो तहसील कचेरीत विहित नमुना आणि विहित मुदत होऊन आपल्याला रोज भेटतो. आणि विधेय आलं. संस्कृतातलं ते 'य' हे शेपूट महत्त्वाचं आहे. पेय म्हणजे प्यायचं, देय म्हणजे द्यायचं, तसं विधेय म्हणजे ठरवायचं. ठरवलेलं नव्हे. विधेयक या शब्दात भविष्यकाळ दडलेला आहे. अजून व्हायचं आहे, करायचं की नाही ते तुम्ही सांगा, असं तो शब्द स्वतःच सभागृहाला सांगत असतो. इंग्रजी बिलाने शेवटची मुद्रा नावात घेतली, मराठीने सुरुवातीचं अपुरेपण घेतलं. मला मराठी शब्द जास्त खरा वाटतो.

पण विधेय या शब्दाशी आपली ओळख विधानसभेत होत नाही, शाळेत होते. वाक्यपृथक्करण! फळ्यावर एक वाक्य, मध्ये उभी रेघ, डाव्या हाताला उद्देश्य, उजव्या हाताला विधेय. 'शेतकरी पेरणी करतो.' शेतकरी हे उद्देश्य, पेरणी करतो हे विधेय. ज्याच्याविषयी बोलायचं ते उद्देश्य आणि त्याच्याविषयी जे बोलायचं ते विधेय. आमचे गुरुजी म्हणत, नुसत्या विधेयाचं वाक्य होत नाही. कुणाविषयी बोलतोस ते आधी सांग. आज राजपत्रात छापलेलं एखादं विधेयक उघडलं की शेवटी एक मथळा दिसतो : 'उद्देश व कारणे यांचे निवेदन'. पहिल्यांदा तो वाचला तेव्हा मला फळ्यावरची उभी रेघ आठवली. उद्देश म्हणजे हेतू आणि उद्देश्य म्हणजे ज्याच्याकडे बोट दाखवायचं ते. दोन्ही शब्द 'उद्' आणि 'दिश्' यांचेच. म्हणजे प्रत्येक विधेयकाला स्वतःच्याच कागदावर दुसरा अर्धा भाग जोडून दाखवावा लागतो. हे विधेय कुणाविषयी आहे, आणि का?

आता विधेयक सभागृहात येतं. तात्या म्हणतात 'मांडलं', कामकाजपत्रिका म्हणते 'पुरःस्थापित केले'. मांडणं हा फार मोठ्या मनाचा मराठी शब्द आहे. चूल मांडतात, संसार मांडतात, डाव मांडतात, पाट मांडतात, गाऱ्हाणं मांडतात. मूळ 'मण्ड्' म्हणजे सजवणं. रचून, शोभेल असं ठेवणं. मांडलेलं सगळ्यांना दिसतं आणि मोडताही येतं, मांडलेला डाव आणि मोडलेला डाव जोडीनेच चालतात. पुरःस्थापित मात्र जिभेला जड जातो. विसर्ग असल्याने छापताना कधी तिथे कोलन पडतो आणि शब्द मधोमध दुभंगतो. तरी तो नुसता सरकारी म्हणून बाजूला सारू नये. 'पुरस्' म्हणजे पुढे. पुरस्कार म्हणजे पुढे करणं, पुरोगामी म्हणजे पुढे जाणारा. आणि पुरोहित? पुरस् अधिक हित; हे हित म्हणजे कल्याण नव्हे, तर 'धा'चंच रूप, ठेवलेला. यजमानाने आपल्या पुढे ठेवलेला तो पुरोहित. म्हणजे पुरोहित आणि पुरःस्थापित हे दोन शब्द जवळजवळ एकाच अर्थाचे आहेत, आणि विधेयकातला धा हा पुरोहितातल्या हितचा सख्खा भाऊ आहे.

पुढे विधेयकाची वाचनं होतात : पहिलं, दुसरं, तिसरं. इंग्लंडच्या पार्लमेंटात छापील प्रती नव्हत्या तेव्हा कारकून उभा राहून मजकूर खरोखर वाचून दाखवी, त्यातून हा शब्द राहिला. आता वाचत कुणी नाही, पण नाव वाचनच. आपल्याकडे हे ऐकून कळणं परकं नव्हतं. सातबाराच्या संगणकीकरणाच्या वेळी गावोगावी चावडीवाचन झालं. तलाठी नोंदी वाचतोय, माणसं उकिडवी बसून ऐकतायत, मध्येच कुणीतरी हात वर करून म्हणतंय, "थांबा, त्या गटात माझ्या बहिणीचं नाव राह्यलंय." दुसऱ्या वाचनात विधेयकाचा एकेक खंड असाच घेतात. फक्त सभागृहात तो हात आमदाराचा असतो.

त्या हाताला आपण हरकत म्हणतो. अरबीत 'हरकत' म्हणजे हालचाल, चलन. मराठीत येता येता तिचा अर्थ उलटला आणि ती अडथळा झाली. हालचाल दिसली की आधी अडचणच आठवावी, असा अनुभव या भाषेच्या माणसांना आला असेल का? ते काही असो, पण कुणी हललं तरच हरकत येते, हे मूळ अर्थाने अजून खरं आहे. 'सूचना व हरकती' ही सरकारी जोडी मला म्हणूनच आवडते.

या हरकतींना नीट बसून ऐकायची जागा म्हणजे समिती. सगळीच विधेयकं समितीकडे जात नाहीत. आपल्या विधानसभेत बरीच विधेयकं मांडली की थोड्याच दिवसांत चर्चेला येतात आणि संमतही होतात. काही मात्र थांबवून समितीच्या हाती दिली जातात. एकाच सभागृहातले निवडक सदस्य असले तर प्रवर समिती, दोन्ही सभागृहांतले असले तर संयुक्त समिती. प्रवर म्हणजे निवडलेला, 'वृ' या धातूचा. नवरा मुलगा तो वर, तोही त्याच धातूचा. गोत्र-प्रवर म्हणताना गुरुजींच्या तोंडी तोच प्रवर येतो.

समिती म्हणजे सम् अधिक इती, एकत्र येणं. अथर्ववेदात सभा आणि समिती या प्रजापतीच्या दोन मुली म्हटल्या आहेत, इतकं या शब्दाचं वय. इंग्रजी 'कमिटी'त मात्र एकत्र येण्याचा मागमूस नाही. ज्याच्याकडे काही सोपवलं तो, असा तिचा मूळ अर्थ. मराठीने ते सोपवणं क्रियापदाकडे दिलं. आपण विधेयक समितीकडे सोपवतो, आणि सोपवणं आलंय समर्पणातून. संस्कृतातलं 'समर्पय' प्राकृतातून झिजत झिजत सोपव झालं. फारसीतून आलेलं सुपूर्दही याच कामाचं. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती, विश्वासाने. लेक सासरी सोपवावी तशी. सोपवलेल्या वस्तूचा हिशोब परत द्यायचा असतो, म्हणून समितीचा अहवाल येतो आणि तो सादर होतो. स-आदर. या छोट्या शब्दात आदर आहे हे आपण पार विसरून गेलो आहोत.

पण महाराष्ट्रात लोकांच्या आणि वर्तमानपत्रांच्या तोंडी या समितीचं आणखी एक नाव आहे : संयुक्त चिकित्सा समिती. ज्याला हे नाव सुचलं त्याला माझा नमस्कार. चिकित्सा म्हटलं की वैद्य आठवतो, आणि मराठीत चिकित्सक म्हटलं की खोड काढणारा. दोन्ही अर्थांच्या मागे संस्कृतातलं इच्छार्थक रूप आहे. ज्ञा-जिज्ञासा, जाणण्याची इच्छा. श्रु-शुश्रूषा, ऐकण्याची इच्छा. तिचा अर्थ पुढे सेवा झाला, कारण आजाऱ्याजवळ बसून जो ऐकतो तोच सेवा करतो. तशी 'कित्' धातूची चिकित्सा. हा धातू 'चित्'चा सोयरा, म्हणजे चित्त लावून जाणून घ्यायची इच्छा. औषध नंतर. आधी नाडी धरून, काय दुखतं ते विचारून घेणं.

अलीकडची दोन उदाहरणं आपल्या परिसरातल्या वाचकांनी पाहिलेली आहेत. महिला व बालकांवरील अत्याचारांविषयीचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडलं गेलं आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. वर्षभराने, डिसेंबर २०२१ मध्ये, ते समितीच्या दुरुस्त्यांसह संमत झालं. तेव्हा गृहमंत्री होते दिलीप वळसे पाटील, आणि शिरूर तालुक्यातली बरीच गावं ज्या आंबेगाव मतदारसंघाला जोडलेली आहेत, तिथले ते आमदार. दुसरं, महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक. ते २०२४ मध्ये मांडलं गेलं, वर्षअखेरीस नागपूरला पुन्हा मांडून संयुक्त समितीकडे सोपवलं गेलं. समितीकडे १२,००० हून जास्त सूचना आणि हरकती आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये ते दोन्ही सभागृहांत संमत झालं. त्याच्या बाजूने आणि विरोधात खूप बोललं गेलं आहे, तो वाद इथे उगाळत नाही. मला त्यातली भाषेची एक गोष्ट दाखवायची आहे. मूळ मसुद्यात 'व्यक्ती आणि संघटना' यांचा उल्लेख होता. समितीतून बाहेर येताना त्या जागी कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना आल्या. म्हणजे बदल विधेयाइतकाच उद्देश्यात झाला. हे वाक्य कुणाविषयी आहे, हाच प्रश्न लोकांनी विचारला होता. फळ्यावरच्या उभ्या रेघेच्या डावीकडचा.

हा प्रश्न शिरूर आणि दौंडच्या मातीत नवा नाही. तो इथे दीडशे वर्षांपूर्वी विचारला गेला आहे, आणि तोही फार मोठ्याने.

शिरूर तालुक्यातलं करडे. डिसेंबर १८७४ मध्ये तिथे एका सावकाराने गावच्या देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळवून त्याचं घर पाडलं. गाव संतापलं. सावकाराचं शेत कुणी करेना, पाणी कुणी भरेना, न्हावी दाढी करेना. बहिष्काराची बातमी गावागावांत पसरली. १२ मे १८७५ रोजी सुप्याला, म्हणजे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात, दंगा उसळला. भीमथडी म्हणजे भीमेची थडी, भीमेचा काठ; आजचा दौंड आणि बारामती यांचा बराच भाग त्यात येई. तिथल्या दंग्यात माणसं काय मागत होती? कर्जखतं, वह्या, रोखे. कागद. ते मिळाले की जाळत. जिथे सावकाराने कागद देऊन टाकले तिथे बहुतेक पुढचं काही झालं नाही. मला हे फार बोलकं वाटतं. ज्या मजकुराने त्यांचं आयुष्य बांधलं होतं, तो त्यांना वाचता येत नव्हता. आणि त्यावर हरकत घ्यायला त्यांच्याजवळ आग सोडून दुसरी जागा नव्हती.

सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटाच्या पटलावर गेला. पटल हाही एक जपून बघण्याचा शब्द. संस्कृतात पटल म्हणजे आच्छादन, डोळ्यावर येणारा पडदाही पटलच. आता त्याचं टेबल झालं आहे, आणि पटलावर ठेवलं म्हणजे उघड केलं असा नेमका उलटा अर्थ आला आहे. करडे-सुप्याचं दुखणं असं लंडनच्या पटलावर उघडं पडलं. त्यातून १८७९ चा दक्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जमुक्तीचा कायदा आला, त्या वर्षीचा सतरावा. त्याचं बिल मुंबईतही नव्हे, थेट गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळात, सिमल्याला मांडलं गेलं. मांडणारे थिओडोर होप, मुंबई इलाख्यातलेच अधिकारी. सगळे सदस्य नेमलेले, भाषा इंग्रजी. १ नोव्हेंबर १८७९ पासून तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला.

कायदा वाईट नव्हता. मला तर त्यात चिकित्सेचा मूळ अर्थ दिसतो. न्यायाधीशाने नुसता रोखा बघून हुकूमनामा देऊ नये, रोख्यामागे जावं, व्यवहार सुरू कसा झाला, मुद्दल किती, व्याज किती चढलं हे विचारावं, असं त्याने सांगितलं. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणं बंद केलं. खटल्याआधी समेट घडवून बघायची सोय केली, खेड्यातली दस्तनोंदणी जवळ आणली. म्हणजे ज्या कागदाला करडे-सुप्याच्या माणसांनी आग लावली, त्या कागदाची नाडी बघायला कायद्याने कोर्टाला शिकवलं. पण सिमल्याच्या त्या खोलीत भीमथडीचा एकही शेतकरी बोलला नाही, बोलू शकणारही नव्हता. त्याच्याविषयी पानंच्या पानं लिहिली गेली. तो वाक्याचं उद्देश्य होता, पण वाक्य बोलणारा नव्हता. मुंबईला १८६२ पासून कायदेमंडळ भरत होतं, २२ जानेवारीला टाउन हॉलमध्ये त्याची पहिली बैठक झाली होती; तिथेही तेव्हा सगळे नेमलेलेच. आज विधानसभेच्या २८८ जागांत एक शिरूरची आहे आणि एक दौंडची. शब्दांच्या इतिहासात ही साधी बेरीज नाही. उद्देश्य चालत जाऊन वाक्य बोलणाऱ्यांत बसलं, असा तिचा अर्थ आहे.

शेवटाकडे येतो. सभापती किंवा अध्यक्ष 'होय'चे आवाज मोजतात आणि विधेयक संमत होतं. आपण म्हणतो मंजूर झालं. मंजूर हा नजरेचा शब्द आहे. अरबीत 'मन्झूर' म्हणजे पाहिलेलं. न बघता मंजूर करणं या शब्दाला मुळातच जमत नाही. सभागृहाची मुदत संपून जे विधेयक अडकून पडतं ते व्यपगत होतं, म्हणजे निघून गेलेलं. आणि जे राहतं, त्याचे खंड कलमं होतात. कलम म्हणजे बोरूची लेखणी, आणि आमच्याकडच्या रोपवाटिकेत आंब्यावर बांधतात तेही कलमच. कापून जोडलेलं, नव्या मुळावर वाढणारं.

विधेयकाचा मग कायदा होतो, किंवा राजपत्राच्या भाषेत अधिनियम. कायदा हा अरबी शब्द ज्या मुळाचा आहे त्याचा अर्थ बसणं. कायदा म्हणजे बैठक, पाया. हे मी कोशात वाचलं त्याच आठवड्यात तात्यांबरोबर दौंडला तहसील कचेरीत गेलो होतो. खिडकीपाशी रांग होती. पुढची बाई हातातले कागद एकेक सारखे करत होती, सातबारा, आधार, बँकेचं पासबुक. नंबर आला तशी तिने सगळा गठ्ठा आत सरकवला आणि वाकून विचारलं, "सायेब, आमचं बसतंय का ह्यात?"